लोह जास्त आहे म्हणून ताट रिकामं नको

हिमोक्रोमॅटोसिसचं (शरीरात लोह साठत जाण्याच्या आनुवंशिक आजाराचं) निदान झाल्यापासून पालक, डाळी, बीट सगळं बंद केलंय. वजन उतरतंय. आणखी काय सोडू?

काहीही सोडू नका. उलट सोडलेलं परत सुरू करा. यकृतात तयार होणारं हेपसिडिन हे संप्रेरक लोहाच्या शोषणाला आवर घालतं. तुमच्या एचएफई जनुकातल्या बदलामुळे ते कमी पडतं. निरोगी माणूस रोज साधारण १ ते २ मिलिग्रॅम लोह शोषतो. तुमचं आतडं त्याहून बरंच जास्त घेतं, आणि साठलेलं लोह बाहेर टाकायची सोय शरीरात नाही. म्हणून तर रक्त काढावं लागतं. एका वेळच्या सुमारे ५०० मिलिलिटर रक्तातून २०० ते २५० मिलिग्रॅम लोह जातं. कडक पथ्यानं दिवसाकाठी फार तर एखाद-दोन मिलिग्रॅम वाचेल. तेवढ्यासाठी उपाशी राहायचं?

त्यात पालकाची बदनामी तर उगाचच झालीय. भाज्या-डाळींतलं लोह मुळात कमी शोषलं जातं. मांसातलं मात्र सहज शोषलं जातं. तेव्हा कलेजी टाळा, लाल मांस कमी करा, त्याऐवजी मासे, अंडी, डाळी घ्या. वारंवार रक्त काढलं जात असताना नवं रक्त बनायला प्रथिनं, फोलेट आणि बी१२ लागतात. आणि वजन उतरतंय हे पुढच्या भेटीत डॉक्टरांना जरूर सांगा; त्याचं कारण दर वेळी पथ्यच असतं असं नाही.

जेवणात लिंबू पिळलं तर चालेल का? क जीवनसत्त्वानं लोह वाढतं म्हणे.

लिंबू पिळा, फळंही खा. बंद करायच्या त्या क जीवनसत्त्वाच्या गोळ्या. लोह असलेली टॉनिकं आणि मल्टिव्हिटॅमिनही नकोत. नाश्त्याच्या तयार सीरिअलमध्ये बऱ्याचदा वरून लोह घातलेलं असतं, ते पाकिटामागे वाचा.

जेवताना चहा घेतला तर फायदा होतो?

थोडा. चहातले टॅनिन वनस्पतींतल्या लोहाचं शोषण कमी करतात. आवडत असेल तर घ्या, औषध म्हणून नको.

लोखंडी तवा, कढई टाकून देऊ?

तवा राहू द्या; कोरडं भाजताना फारसं लोह उतरत नाही. आंबट आणि पातळ पदार्थ लोखंडात बराच वेळ शिजला की ते चांगलंच उतरतं. टोमॅटोचा रस्सा स्टीलमध्ये करा.

शिंपले आणि अधूनमधून दारू, यांचं काय?

इथे मात्र मी अजिबात सूट देत नाही. कच्चे किंवा अर्धकच्चे शिंपले, कालवं खाऊच नका. व्हिब्रिओ व्हल्निफिकस हा समुद्राच्या पाण्यातला जिवाणू जादा लोह मिळालं की झपाट्यानं वाढतो, आणि त्याचा संसर्ग जीवघेणा ठरू शकतो. नीट शिजवलेले चालतील. लोह आणि दारू दोन्ही यकृतावरच घाव घालतात. यकृताला इजा झाली असेल तर दारू पूर्ण बंद. नसेल तरी मी 'नकोच' म्हणेन.

माझा सख्खा भाऊ ठणठणीत आहे. त्यानंही हीच पथ्यं पाळावीत का?

आधी तपासणी. आई-वडील दोघंही वाहक (म्हणजे प्रत्येकाकडे एक सदोष जनुक) असतील, तर प्रत्येक भावंडाला दोन्हींकडून सदोष जनुक मिळण्याची शक्यता २५ टक्के असते. फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन या शरीरातलं लोह दाखवणाऱ्या रक्ततपासण्या आणि जनुक तपासणी करून घ्या. अहवाल येईपर्यंत त्यानं लोहाच्या गोळ्या तेवढ्या घेऊ नयेत, बाकी नेहमीसारखं जेवावं.