अमेरिकेत एकच माणूस एका शहरी मतदारसंघातून तीस-तीस वर्षं कसा निवडून येतो? लोकांना पर्याय नसतो का?

तुम्ही विचारलंय तसा एक मतदारसंघ मी जवळून पाहिलाय, कारण मी अटलांटात राहतो. जॉन लुइस जॉर्जिया राज्याच्या पाचव्या, म्हणजे आमच्या अटलांटाच्या मतदारसंघाचे खासदार होते, जानेवारी १९८७ पासून थेट १७ जुलै २०२० ला निधन होईपर्यंत. आणि तिथे निवडणूक दर दोन वर्षांनी असते!

हा डेमोक्रॅटिक पक्षाचा बालेकिल्ला. त्यामुळे नोव्हेंबरचं मतदान जवळजवळ नावापुरतं, खरी लढत प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत. ती लढत १९८६ मध्ये झाली आणि जीवघेणी झाली. समोर ज्युलियन बाँड होते, साठच्या दशकातल्या, कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठीच्या विद्यार्थी चळवळीपासूनचे जिवलग मित्र. दोघेही कृष्णवर्णीय. बाँड देखणे, वक्तृत्व असं की ऐकत राहावं. लुइस अलाबामातल्या कुळाने शेती करणाऱ्या घरातले, बोलणं साधं, पण १९६५ साली मतदानाच्या हक्कासाठीच्या मोर्चात सेल्माच्या पुलावर पोलिसांच्या लाठीने डोकं फुटलेला माणूस. पहिल्या फेरीत बाँड पुढे होते, पण निम्मी मतं मिळाली नाहीत म्हणून दुसरी फेरी झाली आणि लुइस सुमारे ५२ टक्के मतं मिळवून जिंकले. काळ्या मतदारांचा कल बाँड यांच्याकडे होता, लुइसना गोऱ्या मतदारांनी तारलं. वादविवादात त्यांनी मित्राला ड्रग टेस्टचं आव्हान दिलं होतं. मला लुइसबद्दल अपार आदर आहे, तरी ही गोष्ट मला आजही खटकते.

त्यानंतर त्यांना तोलामोलाचा विरोधक मिळाला नाही. २०१८ मध्ये तर समोर कुणी उभंच नव्हतं. पण सुरक्षित जागेचं त्यांनी काय केलं ते बघा. कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचं राष्ट्रीय संग्रहालय व्हावं म्हणून १९८८ मध्ये विधेयक मांडलं. ते अडलं, पुन्हा मांडलं, पुन्हा अडलं. कायदा झाला २००३ मध्ये, दारं उघडली २०१६ मध्ये. पुढच्या निवडणुकीची धास्ती असलेला माणूस इतकी वर्षं एकच गोष्ट लावून धरेल असं मला वाटत नाही.

शहरातलीही एक गोष्ट सांगतो. ते नगरसेवक असताना जुन्या वस्त्यांमधून मोठा रस्ता काढायचं घाटत होतं, त्याला त्यांनी विरोध केला. शेवटी बराच लहान रस्ता झाला, आणि २०१८ पासून त्याला त्यांचंच नाव आहे. ऑबर्न अव्हेन्यूवर एका इमारतीच्या अख्ख्या भिंतीवर त्यांचं चित्र आहे, वर मोठ्या अक्षरांत ‘हीरो’. जुलै २०२० मध्ये शववाहिका त्या भिंतीपाशी थांबली तेव्हा मी फुटपाथवर उभा होतो. मास्कमधून सगळ्यांचे फक्त डोळे दिसत होते, आणि ते भरलेले होते.

पण पर्यायाचं म्हणाल, तर तुमचा प्रश्न मलाही त्याच महिन्यात पडला होता. जूनची प्रायमरी लुइस जिंकून बसले होते, ते गेले शुक्रवारी. मतपत्रिकेवर दुसरं नाव द्यायची मुदत सोमवारी संपत होती. मग पक्षाच्या समितीने निकिमा विल्यम्स यांना निवडलं, त्या स्वतः तेव्हा राज्यातल्या पक्षाच्या अध्यक्ष होत्या. नोव्हेंबरमध्ये त्या सहज निवडून आल्या. तेहतीस वर्षांनी जागा रिकामी झाली, आणि पक्षाचा उमेदवार ठरवताना आम्हा मतदारांना कुणी विचारलंच नाही.