पिंपल्ससाठी खिशाला परवडणारा डॉक्टर

अगं, पार्लरवाल्या ताईंच्या क्रीमवर आणखी पैसे घालवू नकोस. मुंबईत परळचं केईएम, सायन, नायर, जेजे, या चारही सरकारी हॉस्पिटलांत त्वचारोग विभाग आहे आणि केसपेपर अगदी नाममात्र दरात निघतो. सकाळी लवकर जा, रांग मोठी असते. आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूब पिशवीत घालून ने. मेडिकलवाल्याने दिलेल्या गोरेपणाच्या क्रीममध्ये बऱ्याचदा स्टेरॉइड असतं; माझे फोड त्यानेच वाढले होते. पाळी अनियमित असेल तर न लाजता सांग. औषधं जेनेरिक मागितलीस तर स्वस्त पडतील. आणि 8 ते 12 आठवडे धीर धर गं, मधेच सोडू नकोस. आयसोट्रेटिनॉइन (जास्त पिंपल्सवर पोटात घ्यायचं औषध) दिलं, तर ते गरोदरपणात अजिबात चालत नाही, लक्षात ठेव.