सामूहिक योगवर्ग घेताना खरी अडचण कुठे येते आणि समाधान कशात मिळतं?

तुम्ही विचारलंय की योगशिक्षकाचा अभ्यासक्रम नुकताच पुरा झाला, आतापर्यंत एकेकट्याला शिकवलं, आता वीस-पंचवीस जणांचा वर्ग चालून आलाय. तो झेपेल का, आणि त्यात एवढं अवघड काय असतं?

वर्ग घ्या, नक्की घ्या. फक्त एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा. गटासमोर तुमचं मुख्य काम आसन करणं नाही, बघणं आहे. एकट्याला शिकवताना नजर आपोआप त्याच्यावर असते. समोर पंचवीस जण आले की बहुतेक नवे शिक्षक तासभर स्वतःच्याच मॅटवर आसनं करत राहतात. अधोमुख श्वानासनात तुमचंच डोकं खाली असेल, तर मागच्या रांगेत कोणाचे खांदे कानांना चिकटलेत ते दिसणार कसं? एकदा करून दाखवा, मग उठा आणि फिरा. शिवाय दिवसात दोन-तीन वर्ग असले आणि प्रत्येक वेळी तुम्हीच वाकलात, तेही सवयीने एकाच बाजूला, तर सगळ्यात आधी कुरकुरेल ती तुमची कंबर.

वर्गाकडे तोंड करून शिकवताना आरसा व्हावं लागतं: तोंडाने ‘उजवा हात’ म्हणायचं आणि उचलायचा डावा. हळूहळू अंगवळणी पडतं. (घाईत असले की मी अजूनही ‘हा हात’ म्हणून वेळ मारून नेते.) श्वासाच्या सूचनांचं मात्र असं भागत नाही. ‘श्वास घ्या’ म्हणून शिक्षक टाच, गुडघा, नजर समजावत बसतो, आणि पुढचा ‘सोडा’ येईपर्यंत अर्धा वर्ग गाल फुगवून वाट बघत असतो. तुमच्या श्वासाची लांबी आणि त्यांची एक नसते. बारकावे आधी सांगून टाका, आसनात गेल्यावर ‘तुमच्या लयीत’ म्हणा आणि गप्प राहा. हे गप्प राहणं मला सगळ्यात उशिरा जमलं.

आता मुख्य अडचण. एकाच वर्गात विशीतली खेळाडू असते, बैठं काम करून आखडलेला चाळिशीतला माणूस असतो आणि गुडघेदुखी असलेल्या आजीही असतात. सूचना मात्र एकच जाते. पश्चिमोत्तानासन बघा, म्हणजे पाय पुढे पसरून बसायचं आणि पुढे वाकायचं. एकीचं कपाळ सहज गुडघ्यांना टेकतं. शेजारचा माणूस अंगठे पकडण्याच्या ईर्ष्येने पाठीची कमान करून स्वतःला ओढत असतो. मांडीमागचे स्नायू बैठकीच्या हाडाला जोडलेले असतात. ते आखडलेले असले की ओटीपोटाचा हाडांचा सांगाडा (पेल्विस) मागे कलंडतो, वाकणं खुब्यातून होतच नाही, आणि सगळा ताण कमरेच्या मणक्यांवर येतो. त्याला ‘आणखी थोडं’ म्हणणं म्हणजे दुखण्याला आवतण. घडी घातलेल्या ब्लँकेटवर बसवा, गुडघे जरा दुमडू द्या, अंगठ्यांऐवजी पायाला पट्टा लावा.

पण पट्टा आणि हाताखाली आधाराला ठेवायची वीट घ्यायला माणसं लाजतात. योगगुरू बी. के. एस. अय्यंगारांनी (१९१८–२०१४) पट्टे, विटा, खुर्च्या, दोर हे सगळं पद्धतशीर वापरात आणलं, तरी ‘हे ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी’ ही समजूत काही जात नाही. ‘ज्यांना गरज आहे त्यांनी घ्या’ म्हटलं की कोणी हलत नाही. मी उलटं करते. सुरुवातीला सगळ्यांना ब्लँकेट घ्यायला लावते, स्वतःही बसते, मग सांगते की नको असेल त्यांनी काढा. फार थोडे काढतात.

पद्मासनाबद्दलही एक सांगून ठेवते. खुब्याच्या सांध्याची घडण प्रत्येकाची वेगळी असते, आणि काहींना कितीही वर्षं सराव केला तरी ते बसणार नाही. खुबा वळला नाही की तो पीळ गुडघ्यावर जातो, आणि गुडघा त्यासाठी बनलेला नाही. अर्धपद्मासन, सुखासन, काहीही चालतं.

दुखणी चारचौघांत कोणी सांगत नाही, म्हणून पहिल्याच दिवशी लेखी विचारा आणि दहा मिनिटं लवकर जाऊन बसा. दाराशी चपला काढताना लोक बरोबर बोलतात. रक्तदाब वाढलेला असेल तर कुंभक (श्वास रोखून धरणं) आणि डोकं खाली जाणारी आसनं नकोत, काचबिंदू असेल तरी डोकं खाली नको. हर्निया, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, गरोदरपण असं काही कळलं तर डॉक्टरांना विचारून यायला सांगा. कपालभातीवर विशेष लक्ष ठेवा. गटात त्याची शर्यत होते.

शीर्षासन मी मिश्र वर्गात घेतच नाही. मानेवर भार येतो आणि पंचवीस माना एका वेळी सांभाळता येत नाहीत. २०१५ पासून २१ जूनला, आंतरराष्ट्रीय योगदिनी, जो सामायिक क्रम सगळीकडे करून घेतात, त्यातही ते नाही. ‘कधी शिकवणार?’ म्हणून विचारणारे भेटतीलच, त्यांना वेगळं बोलवा.

हात लावून दुरुस्ती करायची असेल तर आधी परवानगी. सगळ्यांसमोर विचारलं तर माणूस भिडेखातर ‘हो’ म्हणतो. म्हणून सुरुवातीला डोळे मिटून बसलेले असतानाच, ज्यांना स्पर्श नको त्यांना हात वर करायला सांगते. कोणाचा हात वर गेला ते फक्त मलाच दिसतं.

उशिरा येणारे, वाजणारे मोबाइल, पहिल्या आठवड्यानंतर रोडावणारी संख्या, हे चालायचंच. त्याचा त्रास करून घेऊ नका.

आणि समाधान? घरी एकट्याने कंटाळा करणारी माणसं गटाच्या ओढीने येतात, टिकतात. सूर्यनमस्कारात पंचवीस जणांचा श्वास एकदम सुटल्याचा आवाज येतो तेव्हा अंगावर काटा येतो, अजूनही. कोणी येऊन सांगतं की हाताचा आधार न घेता जमिनीवरून उठता आलं. पण मला सगळ्यात जास्त आनंद होतो तो वेगळ्याच क्षणी. त्रिकोणासनाला जाण्याआधी एखादी बाई मी काही बोलायच्या आत वीट ओढून घेते, हात तिच्यावर टेकवते आणि छाती नीट उघडते. शेजारणीचा हात पार जमिनीला लागलाय, पण हिचं तिकडे लक्षही नाही. असे चार-पाच जण तयार झाले की वर्ग हलका होतो, कारण नवे लोक माझ्यापेक्षा त्यांच्याकडे बघून जास्त शिकतात.

पहिल्या वर्गाला आसनं कमीच ठेवा, सहा-सात पुरेत. शवासनाची शेवटची दहा मिनिटं घड्याळ बघून राखून ठेवा. वेळ कमी पडलाच तर एखादं आसन गाळा.