आयोवात घर गरम ठेवायला मका जाळणं प्रोपेनपेक्षा स्वस्त पडतं का?

तुम्ही अमेरिकेतल्या आयोवा राज्यात गावाबाहेर घर घेतलंय, प्रोपेनचं, म्हणजे टाकीत भरून घ्यायच्या गॅसचं, बिल झेपत नाही आणि शेजारी मक्याचे दाणे जाळून घर गरम ठेवतो. हे खरंच परवडतं का, असं तुम्ही विचारलंय. मी इथल्याच एका खेड्यात राहते आणि मक्याचा स्टोव्ह वापरते. घरापर्यंत गॅसची पाइपलाइन आली असेल तर मक्याचा विचार सोडा, तिच्यापुढे तो सहसा टिकत नाही. प्रोपेनची टाकी असेल तर मात्र हिशेब नक्की करा.

मक्याचा भाव इथे बुशेलवर असतो. एक बुशेल म्हणजे ५६ पौंड, साधारण २५ किलो. त्यात सुमारे ३,९०,००० बीटीयू उष्णता असते (बीटीयू हे उष्णता मोजायचं एकक). स्टोव्हमधून त्यातली ७० टक्के खोलीत येते असं धरा, म्हणजे पावणेतीन लाखांच्या आसपास. एका गॅलन प्रोपेनमध्ये ९१,५०० बीटीयू असतात आणि फर्नेस, म्हणजे घर गरम करणारी गॅसची भट्टी, चांगली असेल तर ८२,००० हाती लागतात. थोडक्यात, एक बुशेल मका सव्वातीन गॅलन प्रोपेनचं काम करतो. प्रोपेनच्या दराला सव्वातीनने गुणा; मका त्याहून स्वस्त मिळतोय तोवर तुम्ही फायद्यात. प्रोपेन दोन डॉलर आणि मका चार डॉलर असेल तर बुशेलमागे अडीच डॉलर वाचतात. हिवाळ्यात २०० बुशेल लागले तर ५०० डॉलर झाले. स्टोव्हची किंमत यातूनच भरून निघायची असते, हे विसरू नका.

साध्या विजेच्या हीटरला एका बुशेलच्या जागी ८० युनिट लागतात, तो सगळ्यात महाग. लाकडी पेलेटची (भुसा दाबून केलेल्या गोळ्यांची) ४० पौंडी पिशवी बुशेलपेक्षा थोडी कमी उष्णता देते.

पण मक्याचा भाव स्थिर नसतो. २००५ च्या सुमारास तो दोन डॉलरच्या आसपास होता, पुढे इथेनॉलची मागणी वाढली आणि २०१२ च्या दुष्काळात तो आठ डॉलरच्या वर गेला. म्हणून प्रोपेनची टाकी काढू नका. शिवाय दाणे पुढे ढकलणारा ऑगर आणि पंखा विजेवर चालतात. बर्फाच्या वादळात वीज गेली की स्टोव्हही थांबतो.

रोजचं कामही आहे. मक्याच्या राखेत पोटॅशियम भरपूर असतं, ती वितळते आणि दाणे जळतात त्या भांड्यात काचेसारखा कडक खंगर धरतो. तो सळईने उचकटून काढावाच लागतो, नाहीतर हवा अडते आणि आग मंदावते.

अन्न जाळतोय याची टोचणी मला लागते, आपल्यापैकी बहुतेकांना लागेल. इथला मका मुख्यतः जनावरांच्या खाद्याला आणि इथेनॉलला जातो, हे कळूनही ती पूर्ण जात नाही. तरी प्रोपेनपेक्षा शेजारच्या शेतकऱ्याला पैसे देणं मला पटतं.

मका घेताना ओलावा विचारा: १३ टक्क्यांच्या आत हवा, चाळलेला हवा. पेरणीतून उरलेलं बियाणं कुणी फुकट दिलं तरी घेऊ नका, त्याला औषध चोळलेलं असतं.