पाळणाघराचा खर्च सरकारने का करायचा?

प्रश्न : मुलगी झाल्यावर पाळणाघराचे महिन्याला 10 हजार आणि बायकोचा पगार 18, म्हणून तिने नोकरी सोडली. सरकारी पाळणाघर हवं असं मी म्हटलं तर ऑफिसातले म्हणतात, आमच्या टॅक्समधनं दुसऱ्यांची पोरं का सांभाळायची? त्यांना काय सांगू?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : दादा, आधी तुमच्याच घरचा हिशोब बघू. 18 मधनं 10 गेले, येण्याजाण्याचा खर्च गेला, महिन्यापुरतं बघितलं तर नोकरी सोडणं बरोबरच वाटतं, पण तेवढ्या वर्षांची पगारवाढ, पीएफ, अनुभव हे सगळं गेलं आणि ते कुणी वहीत मांडतच नाही.

कॅनडातल्या क्वेबेक प्रांताने 1997 मध्ये दिवसाला 5 डॉलरचं पाळणाघर सुरू केलं, बाकी खर्च सरकारचा. तिथले अर्थतज्ज्ञ पिअर फोर्तँ आणि सहकाऱ्यांचा अंदाज असा की 2008 पर्यंत त्यामुळे सुमारे 70 हजार जास्त आया कामावर होत्या आणि त्यांच्या टॅक्समधनं सरकारचा खर्च निघून वर शिल्लक पडत होती. पण बेकर, ग्रुबर, मिलिगन या तिघा अर्थतज्ज्ञांना त्याच योजनेत मुलांची चिडचिड, मारामारी वाढलेली दिसली. म्हणून पाळणाघरच नको, हे मला अजिबात पटत नाही. तिथं जागा भराभर वाढवल्या आणि दर्जा सगळीकडे सारखा राहिला नाही, मुलाला सांभाळणारी बाई शिकलेली, टिकणारी हवी, तिथं पैसे वाचवून चालत नाही.

आता आपल्याकडे क्वेबेकचं गणित जसंच्या तसं बसणार नाही हेही सांगते. 18 हजारांवर इन्कम टॅक्स लागत नाही आणि बहुतेक बायका असंघटित कामात, त्यामुळे फायदा सरकारी तिजोरीपेक्षा घरात जास्त दिसेल. तरी तो फायदाच ना! 2017 च्या कायद्याने 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तिथं पाळणाघर सक्तीचं केलं, पण खर्च मालकाच्या माथी, मग बाईला कामावर घेताना तो दहादा विचार करणार, आणि चार घरी धुणीभांडी करणाऱ्या मावशी कुठल्या 50 मध्ये मोजायच्या?

अंगणवाड्या 1975 पासून आहेत, वस्तीवस्तीत आहेत, पण त्या काही तासच चालतात आणि आई येते संध्याकाळी 6 ला. माझं म्हणणं, त्याच अंगणवाडीची वेळ वाढवा आणि सेविका-मदतनीस बायांना मानधन नाही, नीट पगार द्या. त्यासाठी माझ्या टॅक्समधले पैसे गेले तर मला चालेल, ऑफिसातल्यांना हे माझ्या नावाने सांगा.