कोॲग्युलन्स म्हणजे साकळणारा, 'गोठवणारा' नव्हे

निपाणीच्या एका ताईंनी विचारलंय: अँटिबायोटिकबरोबर दिलेल्या कॅप्सूलवर 'लॅक्टोबॅसिलस स्पोरोजेनेस' लिहिलंय, मुलीच्या मायक्रोबायॉलॉजीच्या नोट्समध्ये त्यालाच 'बॅसिलस कोॲग्युलन्स' म्हटलंय आणि दुसऱ्या एका डब्यावर 'हेंड्रिक्सिया कोॲग्युलन्स', तर हे तीन वेगळे जंतू आहेत का, आणि स्पोरला मराठीत बीजाणू म्हटलेलं चालतं का?

जंतू एकच आहे ताई. पण ते 'स्पोरोजेनेस' वाचलं की माझं डोकंच उठतं, बेळगावच्या खडेबाजारातल्या मेडिकलपासून खानापूरपर्यंत जाईल तिथे 'स्पोरवाला लॅक्टोबॅसिलस द्या' हेच कानावर पडतं. अहो, लॅक्टोबॅसिलस स्पोर, म्हणजे वाईट दिवसांत तग धरायचं कडक कवचातलं रूप, करतच नाही! हा जंतू लॅक्टिक ॲसिड करतो आणि लॅक्टोबॅसिलसही करतात, एवढ्या साम्यावर 1930च्या दशकात सोव्हिएत शास्त्रज्ञांनी ते नाव देऊन टाकलं. जंतूंच्या वर्गीकरणाचा मुख्य ग्रंथ म्हणजे बर्गीचं मॅन्युअल, त्यानं 1957 साली हा जंतू तिथून काढून बॅसिलस कोॲग्युलन्समध्ये घातला, तरी पाकिटांवर अजून जुनंच छापतात. आता तर जीनोम, म्हणजे जंतूंच्या डीएनएतला अख्खा मजकूर, शेजारी शेजारी ठेवून बघता येतात, त्यामुळे वादाला जागाच उरली नाही. कोॲग्युलन्सचा जीनोम साधारण 35 लाख अक्षरांचा, त्यात स्पोर करायला लागणारे जीन आहेत, ते काम सुरू करून देणारा स्पो-झिरो-ए सुद्धा आहे, लॅक्टोबॅसिलसमध्ये हा सरंजाम नाही. अशाच तुलनेतून दिसलं की बॅसिलस हे मोठं खटलं मुळात एका घराण्याचं नाहीच, मग 2020 साली वाटण्या झाल्या, कोॲग्युलन्स 'वाइझमानिया'त गेला आणि 2023 मध्ये तिथून 'हेंड्रिक्सिया'त.

पण हे सगळं आडनावाचं झालं, खरी गोडी कोॲग्युलन्समध्ये आहे. 1915 साली अमेरिकेत आयोवात डब्यातलं आटवलेलं दूध फाटायला लागलं, हॅमर नावाच्या शास्त्रज्ञाला त्यात हा जंतू सापडला, म्हणून हे नाव. लॅटिनमध्ये 'को' म्हणजे एकत्र, 'आगेरे' म्हणजे हाकणं, एकत्र हाकून आणणं. आता हा 'आग्' म्हणजे आपल्या संस्कृतातला 'अज्' धातू, अर्थ तोच, हाकणे! त्याला 'सम्' लावा, झाला समाज. म्हणजे दुधाचे कण गोळा करणारा कोॲग्युलन्स आणि माणसं गोळा करणारा समाज एकाच धातूचे, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी भेटेल त्याला सांगत सुटलो होतो.

आणि म्हणूनच कोॲग्युलन्सचं भाषांतर 'गोठवणारा' करतात ते मला अजिबात पटत नाही, करणारा कितीही मोठा पंडित असो. गोठणं म्हटलं की आधी थंडी आठवते, पाण्याचा बर्फ आठवतो. दूध विरजतं, नासतं, फाटतं, तूप थिजतं, आणि मार लागला की रक्त साकळतं. साकळणे! एकत्र होणं, गोळा होणं, हा अर्थ त्याच्या पोटातच आहे, आणि तो संकलनाच्या घरचा शब्द आहे हे माझं पक्कं मत आहे. लॅटिनवाल्यांनी हाकून गोळा केलं, आपण नुसतं गोळा केलं, चित्र तेच. असा शब्द घरात असताना इंग्रजी डिक्शनरी बघून 'गोठवणारा' लिहायचं म्हणजे आळस आहे, दुसरं काही नाही. आमच्याकडे शेजारची कन्नड काकू दुधाला 'हेप्पु' घालते, म्हणजे विरजण, आणि रक्त साकळलं तरी तिच्या तोंडी 'हेप्पुगट्टु'च येतं. कन्नडला एका शब्दात दूध आणि रक्त दोन्ही पेलतं तर मराठीत साकळणेला दूध का पेलू नये?

बीजाणूचं राहिलंच. बुरशीच्या स्पोरला बीजाणू म्हणा, तिथे एकीपासून ढीगभर होतात, बी पेरल्यासारखंच ते. जंतूचं तसं नाही, एका पेशीचा एकच स्पोर आणि त्यातून परत एकच पेशी, संख्या वाढत नाही, कोरड, उष्णता, पोटातलं ॲसिड सोसून नुसतं तग धरणं आहे ते. पाठ्यपुस्तकात बीजाणू असेल तर मुलीला परीक्षेत तेच लिहू द्या, बोलताना सरळ स्पोर म्हणा. आणि नवा डबा घेताना कोॲग्युलन्सच्या पुढे स्ट्रेनचं, म्हणजे त्या जातीतल्या नेमक्या वाणाचं, नाव छापलंय का ते बघा, कारण एकाच जातीतल्या दोन स्ट्रेनच्या जीनोममध्येही फरक असतो.