हगवण लागलेल्या करडाला सलाईन लावावं की तोंडावाटे पाणी पाजावं?

तुमचं करडू ८ किलोचं, कालपासून हगतंय आणि डोळे खोल गेलेत. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडा. लगेच सपाट झाली नाही, दोन-तीन सेकंद घडी तशीच राहिली, तर वजनाच्या साधारण ८ टक्के पाणी गेलंय असं धरा. म्हणजे ८ किलोला ६४० मिली तूट. रोजचं लागणारं आणि जुलाबातून जाणारं पाणी त्याहून वेगळं.

आता तोंडात बोट घाला. तोंड गरम आहे, बोट चोखतंय? मग सलाईनची घाई नको. माणसांचं ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात कालवा, कोमट करा, दर दोन तासांनी १०० मिलीच्या आसपास बाटलीनं पाजा. दूध तोडू नका (ही चूक फार जण करतात, पिल्लू उपाशी राहून ढासळतं), फक्त ओआरएस आणि दूध यांत तास-दोन तासांचं अंतर ठेवा.

तोंड गार, चोखत नाही, मान टाकलीय? मग पाजायचंच नाही, ठसका लागून पाणी फुप्फुसात जातं. डॉक्टरांना बोलवा, शिरेतूनच द्यावं लागेल. अशा वेळी कातडीखाली टोचलेलं सलाईन नुसतं फुगा होऊन बसतं, कारण तिथलं रक्ताभिसरणच मंदावलेलं असतं. डॉक्टर येईपर्यंत पोत्यात गुंडाळून ऊब द्या.

आणि हो, ज्वारी-मका चोरून खाऊन हगवण लागली असेल तर ते दुखणं वेगळं, डॉक्टरांना आधी तेच सांगा.